पांढरा हातमोजा कुणाच्या आईचा

सेलेस्टीन लारोंदला आपली आई बोटीवर चढताना लख्ख आठवत होती. त्यांच्या बेटावरच्या रोझो बंदराचा धक्का, सकाळचं ऊन आणि आईच्या हातांत पांढरे हातमोजे. चार वर्षांची सेलेस्टीन त्या हाताला हात लावायला तयार नव्हती, कारण तो हात आईचा वाटतच नव्हता. मग अगदी शेवटी तिनं तो घट्ट धरला. मागून माणसं पुढे रेटत होती. आई ओढली गेली आणि मोजा सुटून सेलेस्टीनच्या मुठीत राहिला. आई इंग्लंडला गेली ती एका उघड्या हातानं.

त्यानंतर नऊ वर्षं आई दिसली नाही. दिसली तेव्हा तपकिरी कोटातली एक बाई विमानतळावर पुढे आली आणि म्हणाली, "तू सेलेस्टीन ना? बॅग कुठली तुझी?" पुढची चोवीस वर्षं दोघी एका छपराखाली किंवा दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिल्या, पण आईनं तिला कधी जवळ घेतलं नाही. मग आई वारली. त्यामुळे धक्क्यावरची ती आई सेलेस्टीनला फार जपून ठेवावी लागली होती. आपल्यासाठी कासावीस झालेली आई तिच्या वाट्याला तेवढीच आली होती.

आणि आता मंगळवारी सकाळी अकरा वाजता, लंडनच्या पेकममधल्या तिच्याच स्वयंपाकघरात बसून, एफुआ नावाची मुलगी तिला सांगत होती की ती आई बहुधा तिची नव्हती.

"मी तसं म्हणत नाहीये, आंटी," एफुआ घाईघाईनं म्हणाली.

"मग कसं म्हणतेस?"

"मी फक्त विचारतेय. मार्वा आंटींचं बोलणं दोन आठवड्यांपूर्वी रेकॉर्ड केलं. त्या म्हणाल्या, हातमोज्याची गोष्ट त्यांच्या आईची. ब्रिजटाउनच्या धक्क्यावरची."

"मार्वाचं काय, ती उद्या म्हणेल पेकमचा रस्ताही तिनंच बांधला."

"आणि डॉरेट आंटी म्हणतात, ती गोष्ट त्यांची."

"डॉरेटची आई जमैका सोडून कुठे गेलीच नाही कधी. तिथेच जगली, तिथेच गेली."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, 'पोरी, चहा निवतोय तुझा.'"

सेलेस्टीननं उगाच ओट्यावरून फडकं फिरवलं. ओटा स्वच्छच होता.

एफुआ लायब्ररीत कामाला होती. 'हेडटाय' बंद पडल्यावर पाच वर्षांनी जन्मलेली ही मुलगी आता त्या नाटक कंपनीचं प्रदर्शन भरवत होती. मधल्या मोठ्या भिंतीवर 'पांढरा हातमोजा' हे स्वगत छापायचं होतं आणि त्याखाली एक नाव. सोमवारी सगळा मजकूर छापायला जाणार होता.

"नाव कशाला हवं?" सेलेस्टीन म्हणाली. "आमच्या पत्रकावर कधीच नावं नसायची."

"म्हणूनच आता लिहायची, आंटी. नाहीतर तुम्ही सगळ्या होतात हेच कुणाला कळायचं नाही. माझ्या कॉलेजात पुस्तकं भरून नाटकं शिकवली, त्यात तुमच्याविषयी एक ओळ नव्हती." मग जरा थांबून ती म्हणाली, "आंटी, खरं सांगू? माझं डोकं चालेनासं झालंय. तिघी शपथेवर सांगताय, आणि तिघींचं खरं वाटतंय."

सेलेस्टीननं तिला गोड पाव बांधून दिला, दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन खुर्चीत बसली ती बसूनच राहिली.

*

'हेडटाय' सुरू झाली १९८३ मध्ये. मार्वानं नाट्यशाळेतून तीन वर्षांचं शिक्षण घेतलं होतं. तिथे ती राण्या झाली होती, चेटकिणी झाली होती. बाहेर पडल्यावर तिला दोन वर्षांत पाच कामं मिळाली. तीन नर्सची, एक मोलकरणीचं, आणि एक चोराच्या आईचं, जिला फक्त दार उघडून रडायचं होतं. "सव्वीस वर्षांची मी, आणि माझा मुलगा चोवीस वर्षांचा दरोडेखोर!" मार्वा सांगायची. काळ्या पुरुषांच्याही नाटक मंडळ्या होत्या तेव्हा, पण तिथे बाईनं नायकाच्या भाषणाच्या वेळी भांडी विसळायची असायची.

मग मार्वानं केसांच्या दुकानात आणि लॉन्ड्रीत हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली: 'काळ्या बायकांचं नाटक. गुरुवारी सहा वाजता, चर्चच्या मागचा हॉल. येताना खुर्ची आणावी.'

सेलेस्टीन त्या लॉन्ड्रीशेजारच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे लहान-मोठे करायची. चिठ्ठीतलं तिला काही समजलं नाही, पण खुर्ची आणायला सांगणारं नाटक बघावं तरी, म्हणून ती स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून गेली. हॉलमध्ये अकरा बायका आणि अकरा तऱ्हेच्या खुर्च्या होत्या. डॉरेट तर दवाखान्यातून नर्सच्या गणवेशातच आली होती. तिला बघून मार्वानं कपाळाला हात लावला.

"माझ्या नाटकात नर्स नको होती मला!"

"मग नर्स कुठाय इथे?" डॉरेट म्हणाली. "ड्युटी संपली माझी. आता मी बाई आहे. आणि माझे पाय दुखतायत. बसू का?"

डॉरेट तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती, सगळ्यांत थोरली. तिचे विनोद ऐकून अकराच्या अकरा बायका हसायच्या, पण तिच्या घरी कोण आहे, मागे कोण राहिलं, हे कुणी विचारलं तर ती पातेल्यातल्या भाताविषयी बोलू लागायची.

सेलेस्टीन अभिनय करायला गेली नव्हती. पण पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी बाहीचा टाका उसवलेला दिसला, तिनं पर्समधून सुई काढली, आणि पुढची सात वर्षं ती कंपनीचे कपडे सांभाळत राहिली. एकदा एका वर्तमानपत्राचा माणूस आला आणि विचारू लागला, "तुमचे दिग्दर्शक कुठे भेटतील?" मार्वानं इस्त्री करत बसलेल्या सेलेस्टीनकडे बोट दाखवलं. तो बिचारा अर्धा तास सेलेस्टीनला कलेविषयी प्रश्न विचारत होता, आणि ती त्याला सुती आणि रेशमी कापडातला फरक सांगत होती. छापून आलं तेव्हा बायका पोट धरधरून हसल्या.

नाटक लिहायची त्यांची रीत वेगळी होती. नाटक लिहून आणलेलं नसायचंच. सगळ्या गोल बसायच्या. सेलेस्टीनकडे आजीचा डोईला बांधायचा रुमाल, म्हणजे हेडटाय, होता, लाल-पिवळ्या मोठ्या चौकड्यांचा. त्या कापडाला तिच्या बेटावर मद्रास म्हणतात. तो रुमाल जिच्या हातात ती बोलणार. बोलून झालं की शेजारणीला द्यायचा, आणि शेजारणीनं तीच गोष्ट पुढे न्यायची, जणू तिच्यावरच ती गुदरली आहे.

"इथे 'ती' म्हणायचं नाही," मार्वाचा नियम होता. "'ती' म्हटलं की बाई लांब जाते, आणि मग तिची कीव करायला आपण मोकळ्या. 'मी' म्हणा. तोंडातून निघत नसेल तर गप्प बसा, पण 'मी' म्हणा."

अशा फिरत्या रुमालातून पाच नाटकं झाली. एकीच्या तोंडचं दुसरीनं उचललं, तिसरीनं वाढवलं, चौथीनं रंगमंचावर केलं. पत्रकावर खाली फक्त एवढंच: 'बायकांनी मिळून.' एका खटारा गाडीतून त्या लीड्सला गेल्या, ब्रिस्टलला गेल्या, डॉरेटचं भाताचं पातेलं दोघींच्या मांडीवर. हॉलमध्ये बायका बाजारच्या पिशव्या पायाशी ठेवून बसत आणि रंगमंचावरच्या बाईला थेट सल्ले देत. "अगं, नको उघडूस दार त्याला!" एकदा एका आजीबाईनं उठून नटीच्या हातावर पेपरमिंट ठेवली होती.

पण 'पांढरा हातमोजा' सुरू झाला की हॉल गप्प होई. ते स्वगत मार्वा करायची. चार वर्षांची मुलगी होऊन, मुठीत मोजा धरून. पिशव्यांतून रुमाल निघत. कारण त्या हॉलमधली प्रत्येक बाई एक तर मागे ठेवली गेलेली होती, नाहीतर मागे ठेवून आलेली.

१९९० साली सरकारी मदत थांबली, गाडीनं मान टाकली, आणि बायका आपापल्या खुर्च्या उचलून घरी गेल्या.

*

एफुआ गेल्यावर सेलेस्टीननं आठवायचा प्रयत्न केला. मोज्याची गोष्ट पहिल्यांदा निघाली ती कडाक्याच्या थंडीची संध्याकाळ. रॉकेलच्या हीटरचा वास. रुमाल फिरत होता. आपल्याकडे तो डावीकडून आला. डावीकडे कोण होतं? डॉरेट. मग आपण बोललो. पण मोजा आपण आणला की तो आधीच गोष्टीत होता? आपण 'मी' म्हणत होतो, हे आठवतं. पण त्या खोलीत 'मी' म्हणणाऱ्या अकराजणी होत्या.

मग तिला डबा आठवला आणि ती एकदम उठली. पुरावा होता की! कपाटात वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आईच्या निधनाच्या कागदांखाली तो मोजा होता. तिनं स्टूलवर चढून डबा काढला. मोजा पिवळा पडला होता, बोटं चुरगळलेली. तिनं तो छातीशी धरला. बघ, म्हणाली ती मनात मार्वाला. बघ, हा काय!

आणि मग सवयीनं, कुठलंही कापड हातात आलं की ती करायची तसं, तिनं तो उलटा केला.

आतली शिवण तिची होती. करंगळीच्या कडेला दोनदा मागे घेतलेला टाका, गाठ आत दडवलेली. तशी गाठ लंडनमध्ये दुसरं कुणी मारत नव्हतं. त्या सात वर्षांत मार्वानं खेचून-खेचून सहा मोजे फाडले होते आणि सेलेस्टीननं सहा शिवले होते. हा त्यातलाच एक.

मग खरा कुठे गेला? होता का खरा? आजीच्या घरी कुठे ठेवला होता तो? तिला आजीची टोपली आठवली, कंदील आठवला, आजीचा दातांत पाइप धरायचा ढंग आठवला. मोजा कुठेच दिसेना.

आणि आता तिला ती गोष्ट आठवू लागली जी तिला आठवायची नव्हती. एका रविवारी दुपारच्या खेळाला तिनं आईला आणलं होतं. आई, फिलोमेन लारोंद, दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची, तिला नाटकाबिटकाचं वेड नव्हतं. पण आली. सेलेस्टीन विंगेतून रंगमंच सोडून आईकडेच बघत होती. स्वगत झालं, सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, आई पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. घरी जाताना बसमध्ये आई म्हणाली, "कुणाची आई ती? बिचारी." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून आणखी एक वाक्य बोलली. सेलेस्टीनला वाटलं, आई मुद्दामच वेड पांघरतेय. स्वतःला ओळखून न ओळखल्यासारखं करतेय. त्या रागात तिनं ते दुसरं वाक्य कधी नीट धरूनच ठेवलं नाही.

तिनं मार्वाला फोन लावला.

"तुझ्या आईचा मोजा कुठाय?" तिनं विचारलं.

"काय गं, ना नमस्कार ना चमत्कार! कुठला मोजा?"

"पांढरा. धक्क्यावरचा."

"तुझ्याकडेच असणार. सगळं सामान तुझ्याकडे होतं."

"तो नाटकातला. खरा कुठाय?"

मार्वा पलीकडे गप्प झाली. मार्वा गप्प झाली की काहीतरी बिनसलंय हे सेलेस्टीनला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"शनिवारी डॉरेटकडे ये," मार्वा शेवटी म्हणाली. "त्या लायब्ररीवाल्या पोरीलाही बोलाव. आणि रुमाल आण."

*

डॉरेट आता अठ्ठ्याऐंशीची होती. वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत तळमजल्यावर तिची खोली. तिनं सकाळी उठून खारवलेल्या माशाची भजी तळली होती, इतकी की दारात पाऊल टाकताच भूक लागावी. टेबलावर आल्याचं सरबत आणि तिच्या हातची मिरचीची झणझणीत चटणी.

"तेल कमी खायचं सांगितलंय ना तुला डॉक्टरनं?" मार्वा आत येताच म्हणाली. सहासष्ट वर्षांची मार्वा अजूनही दारातून येताना पडदा वर गेल्यासारखी येई.

"डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा आहे. त्याला काय कळतंय?" डॉरेट म्हणाली. "आणि तू कशाला एवढी नटलीस? भिंतीवर नाव लागणार म्हणून?"

एफुआनं खुर्च्या गोल मांडल्या, रेकॉर्डर मधे ठेवला. सेलेस्टीननं पिशवीतून रुमाल काढला. इस्त्री करून चौपदरी घडी घालून आणला होता तिनं. रंग बराच उडाला होता, पण चौकडा दिसत होता.

"नियम तोच," मार्वा म्हणाली आणि रुमाल हातात घेऊन सुरू झाली. "मी चार वर्षांची आहे. मी धक्क्यावर उभी आहे. माझ्या आईच्या हातात पांढरे मोजे आहेत…"

आवाज तोच. एफुआचे डोळे विस्फारले. सेलेस्टीनच्याही अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तिला काहीतरी खुपलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "तुझी आई इंग्लंडला आली तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"सहा."

"मग चार कशी?"

"नाटकात चार आहे!"

"आणि तुझी आई बोटीनं आली?"

मार्वानं रुमालाकडे बघितलं. "विमानानं," ती हळूच म्हणाली. "माझ्या मामानं तिकीट काढलं होतं. अख्खी गल्ली विमान बघायला आली होती." आणि मग एकदम उसळून, "पण मला धक्का दिसतो, सेलेस्टीन! डोळ्यांसमोर दिसतो! पायाखालची फळीसुद्धा हलते माझ्या!"

"दोनशे वेळा केलंस तू ते," डॉरेट म्हणाली. "हलणारच."

"तीस वर्षं मी लोकांना सांगतेय की ती माझी आई! गेल्या वर्षी रेडिओवर सांगितलं!"

"मग रेडिओवाल्यांना फोन कर, आणि आधी भजं खा," म्हणत डॉरेटनं तिच्या हातातून रुमाल काढून घेतला.

म्हातारीनं तो मांडीवर पसरला, दोन्ही तळव्यांनी सारखा केला. एफुआनं रेकॉर्डरचा दिवा चालू आहे ना बघितलं.

"मी बोटीवर चढतेय," डॉरेट म्हणाली.

सेलेस्टीनला वाटलं, म्हातारीचं चुकलं. स्वगतात असं वाक्यच नाही. बोटीवर मुलगी चढत नाही.

"मी बोटीवर चढतेय. किंग्स्टनचा धक्का. चोवीस वर्षांची आहे मी. मोजे शेजारणीचे आहेत, इंग्लंडात बायका मोज्यांशिवाय बाहेर पडत नाहीत असं तिनं सांगितलंय. विनेट पाच वर्षांची आहे. ती हात देईना. मी म्हटलं, नको देऊस, बरंच झालं. दिला असतास तर मी चढले नसते. आणि तेवढ्यात तिनं धरला. मी ओढला. मी ओढला गं तो हात. ती मागे पडली, मोजा तिच्याकडे. मी वळून नाही बघितलं. बोटीवर सगळे म्हणत होते, बाई, तुमचा एक मोजा पडला. मी म्हटलं, हो, पडला."

बाहेर कुणीतरी कचऱ्याचे डबे ओढत होतं.

"विनेट कोण?" सेलेस्टीननं विचारलं. चाळीस वर्षांत तिनं ते नाव ऐकलं नव्हतं.

"माझी मुलगी. माझ्या आईनं वाढवली. नंतर तिला इकडे यायचं नव्हतं. आता कॅनडात असते. नाताळला कार्ड येतं, आत फक्त छापलेलं असतं तेवढंच."

"डॉरेट," मार्वा म्हणाली. तिचा आवाज आता अगदी साधा होता. "तेव्हा का नाही बोललीस? सगळी वर्षं मी मुलगी करत होते आणि तू पडद्यामागे उभी!"

"मी आईच्या बाजूनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी. मग रुमाल सेलेस्टीनकडे दिला. ती मुलगी होऊन बोलायला लागली. तुम्ही सगळ्याच आयांची वाट बघितलेल्या पोरी. तुमच्या तोंडून आई कशी निघणार? मी थांबवणार होते, खरंच. पण सेलेस्टीन म्हणाली, 'मला आईचा राग नाही आला. मला तिचा हात गार पडेल अशी काळजी वाटली.'" डॉरेटनं रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. "मला वाटलं, विनेटच बोलतेय. मग कशाला थांबवू? दर प्रयोगाला ऐकायचे मी ते. भाताचं पातेलं गॅसवर ठेवून ऐकायचे."

सेलेस्टीनच्या डोक्यात सगळं गरगरत होतं. म्हणजे ते वाक्य आपलं. हात गार पडेल, हे आपण म्हटलं. पण कुणाच्या हाताविषयी? तिनं रोझोचा धक्का डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. धक्का आला. आई आली. पण आईच्या कोटाचा रंग तपकिरी होता, विमानतळावरचा. आणि चेहरा, आता नीट बघितलं तर, मार्वाचा होता.

डॉरेटनं रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. डावीकडून, तेव्हासारखाच.

"मी…" सेलेस्टीन म्हणाली. पुढे काही सुचेना. आईची एकच आठवण होती, ती पाच मिनिटांपूर्वी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे परत गेली होती. आता हातात काय होतं? एक कापड.

"तोंडातून निघत नसेल तर गप्प बस," मार्वा हलकेच म्हणाली. या वेळी ते टोमण्यासारखं नव्हतं.

"मी धक्क्यावर नव्हते," सेलेस्टीन म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण शब्द निघाले तसे पुढचेही निघू लागले, ओढून आणावे न लागता.

"आमच्या गावात बाई बोटीला जायची असली की तिच्या पोरांना त्या दिवशी डोंगरावरच्या शेतात घेऊन जायचे. पोर रडलं तर बाईचा पाय निघत नाही म्हणून. पोराला सांगायचे नाहीत. आजीनं मला अंधारात उठवलं. म्हणाली, दशीनचे कंद खणायला जाऊ. मी मातीत खेळले. दुपारी घरी आले तर आई नव्हती. कोळशाच्या शेगडीवर इस्त्री होती. खाटेवर माझा रविवारचा झगा, इस्त्री करून घडी केलेला. मी इस्त्रीजवळ हात नेला. गरम होती अजून. मला वाटलं, आई इथेच कुठेतरी आहे. मी घराभोवती फिरत राहिले. मग पुन्हा आले. मग…" ती अडखळली. "की गरम नव्हती? दुपारपर्यंत कशी राहील गरम? कुणास ठाऊक. मला वाटतं, होती."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," मार्वा म्हणाली. "सात वर्षांत कधीच."

"यात सांगण्यासारखं काय आहे? कुणी रडत नाही, कुणी निरोप घेत नाही. एक इस्त्री आहे."

आणि ते बोलताना तिला बस आठवली, आईची मांडीवरची पर्स आठवली, खिडकीबाहेरचा रविवार आठवला. दुसरं वाक्य आपण होऊन आलं.

"आईनं नाटक बघितलं होतं," ती म्हणाली. "मला म्हणाली, कुणाची आई ती, बिचारी. मग म्हणाली, त्या बाईनं निरोप तरी घेतला. मला वाटलं, आई टाळाटाळ करतेय. ती मला सांगत होती. सरळ सांगत होती, आणि मी चिडून बसले होते."

डॉरेटनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. भजी थंड झाली होती. कुणाच्या लक्षात नव्हतं.

एफुआनं नाक पुसलं आणि कागद पुढे ओढला, कारण सोमवार काही थांबणार नव्हता. "मग… भिंतीवर काय लिहू?"

सगळ्यांनी सेलेस्टीनकडे बघितलं. का ते तिलाही कळलं नाही. कदाचित रुमाल अजून तिच्याकडे होता म्हणून.

"डॉरेटचं नाव लिही," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, हे म्हणणं जड जाईल. गेलं नाही.

"आणि विनेटचं," डॉरेट म्हणाली. "दोघींचं लिही. मोजा तिच्याकडे आहे."

"मी फोटो पाठवीन त्यांना कॅनडाला," एफुआ म्हणाली. "चालेल ना?"

डॉरेटनं उठून कपाटातून नाताळच्या कार्डांचं पाकीट काढलं आणि पत्ता असलेलं सगळ्यात वरचं तिच्यापुढे ठेवलं.

"आणि इस्त्रीची गोष्ट?" एफुआनं रेकॉर्डरकडे बघत सेलेस्टीनला विचारलं. "आंटी, ती फार सुंदर आहे. एका छोट्या पाटीवर…"

"ती पूस," सेलेस्टीन म्हणाली.

"आंटी!"

"ती नाटकातली नाही. पूस बाळा ती."

एफुआनं मार्वाकडे बघितलं. मार्वानं मान डोलावली, आणि मार्वानं कुणाचं नाव किंवा गोष्ट भिंतीवर न लावण्याला मान डोलावण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी चार वाजता सेलेस्टीन आणि मार्वा बसस्टॉपवर उभ्या होत्या. डॉरेटनं दोघींना भजी बांधून दिली होती, कागदातून तेल झिरपत होतं. सेलेस्टीन मनात पुन्हापुन्हा त्या शेगडीशी जाऊन येत होती. खाट डावीकडे होती की उजवीकडे? झगा निळा होता का? दर वेळी काहीतरी वेगळं दिसत होतं, आणि तरी ती तिथून निघत नव्हती.

"ए," मार्वा म्हणाली. "खरं सांग. इस्त्री गरम होती का?"

"माहीत नाही."

"मी असते तर गरमच म्हटलं असतं. चटका बसला असता बोटाला. फोड आला असता."

"ठाऊक आहे," सेलेस्टीन म्हणाली. "म्हणूनच तुला कधी सांगितली नव्हती."

मार्वा एवढ्या मोठ्यानं हसली की स्टॉपवरचा एक म्हातारा दचकला. बस आली. सेलेस्टीननं रुमालाची घडी पर्समध्ये खाली सारली आणि वर चढली.